इंद्रजालाचा पंचनामा

आमच्या आत्याच्या वणीच्या घरात, ओसरीतून माजघरात शिरताना जे दार लागते त्याच्या डोक्यावर, गणपतीच्या तसबिरीशेजारी, काचेआड बसवलेली एक काळी, चपटी, जाळीदार फांदी मी कित्येक वर्षे पाहत आलो होतो. आणि जे नित्य डोळ्यांसमोर असते ते पाहायचे राहून जाते या न्यायाने, ती वस्तू नेमकी काय आहे असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. जिल्ह्यातल्याच एका यात्रेत गंडेदोरे, रुद्राक्ष, शंख आणि कवड्या विकणाऱ्या एका फिरत्या दुकानदाराकडून आत्याने ती विकत घेतली होती, आणि त्याचे बोलणे तिला अक्षरशः पाठ होते : “हे इंद्रजाल हाय, बाई. समुद्राच्या तळच्या झाडाचं मूळ. घरात टांगलं का कोणाची नजर लागत नाई.” या सांगण्यातला समुद्र तेवढा खरा होता. झाड खोटे, मूळही खोटे. नजरेविषयी मी काही बोलू इच्छित नाही, कारण आत्या हयात आहे आणि हा अंक दरसाल तिच्या घरी जातो.

यवतमाळ जिल्ह्यास समुद्र नाही. मालवणचा किनारा इथून सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर दूर, आणि आमच्या पिढीतील पुष्कळांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो चित्रपटात. तथापि वणी-झरीच्या बाजूस जो चुनखडीचा थर उघडा पडलेला आहे, ज्याला भूशास्त्रज्ञ आमच्याच पैनगंगेच्या नावाने ओळखतात, तो शंभर कोटी वर्षांहूनही जुन्या एका समुद्राच्या तळाशी साचला. त्या समुद्रात मासा तर राहोच, साधा शिंपलाही अजून जन्मास आलेला नव्हता. राजूरच्या भट्ट्यांत भाजला जाणारा चुना याच थराचा, आणि त्या चुन्याने रंगवलेल्या भिंतीवर आत्याचे इंद्रजाल लटकत होते. म्हणजे एका समुद्राच्या अंगावर दुसरा समुद्र खिळ्याने ठोकलेला होता, आणि घरातल्या कोणासही याचा पत्ता नव्हता.

समुद्राचे इतर जिन्नसही आमच्याकडे असेच, मूळ गावाचा दाखला हरवून, येत आले. पुसद-दिग्रसकडच्या बंजारा स्त्रियांच्या कशिद्यात ज्या कवड्या ओवलेल्या दिसतात, त्या कवडीच्या जातीचा मोठा व्यापार पूर्वी मालदीव बेटांतून चाले. एके काळी मिठाच्या गोण्या बैलांवर लादून देशभर फिरणाऱ्या या समाजाच्या अंगावर समुद्राने आपली निशाणी ठेवावी यात नवल नाही. परंतु कवडी ही एका गोगलगाईची पाठ आहे, आणि तिच्यावरची ती काचेसारखी झिलई कोणा कारागिराने दिलेली नसून, जिवंतपणी तो प्राणी आपल्या मऊ मांसाचा पदर शिंपल्यावर दोन्ही बाजूंनी पांघरून बसतो म्हणून ती येते, हे किती जणांस ठाऊक असेल? आठवडी बाजारातले बोंबील आणि सुकट सोडले, तर समुद्रातला कोणताही जीव आमच्यापर्यंत जीव म्हणून पोहोचलेला नाही. तो येतो तो दगड होऊन, दागिना होऊन, नाहीतर मूळ होऊन.

गेल्या हिवाळ्यात मालवणास जाण्याचा योग आला, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाने करू नये असे म्हणतात ते मी केले : पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पाण्याखाली गेलो. हे पाणबुडे साधन कुस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंच गृहस्थांनी १९४३ साली सिद्ध केले. दहा मीटर खोलीवर अंगावरचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणून उतरताना नाक चिमटीत धरून कानांत हवा फुंकावी लागते, आणि पाण्यात अंगठा उंचावण्याचा अर्थ ‘छान’ असा नसून ‘वर चला’ असा असतो. आमच्या गावात अंगठ्याने जमिनी गेल्या. माझ्या अंगठ्याने पहिली बुडी गेली, कारण मी आनंदाने तो दाखवताच मागे मला धरून असलेल्या मुलाने निमूटपणे मला पृष्ठभागावर आणून सोडले.

दुसऱ्या खेपेस मात्र सात-आठ मीटरांवर बराच वेळ राहता आले. पाणी धूसर होते. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच पाण्यात विरून जातो, त्यामुळे खाली सर्व काही निळ्या-करड्या छटेत न्हालेले दिसते, आणि रंगावरून मासा ओळखू पाहणारा नवशिका तिथेच फसतो. इतक्यात त्या मुलाने कमरेच्या पिशवीतून पावाचा तुकडा काढून चुरगाळला, आणि कोठून तरी पट्ट्यापट्ट्यांच्या, तळहाताएवढ्या माशांची झुंबड माझ्या तोंडाभोवती उडाली. छायाचित्र निघाले. त्यात मी आहे, मासे आहेत आणि पाव आहे, समुद्र नाही.

वर आल्यावर बोटीच्या तांडेलाने, जो वयाने माझ्याहून मोठा आणि पूर्वी रापणीच्या जाळ्यावर राबलेला होता, प्लॅस्टिकने मढवलेला एक चित्रांचा तक्ता माझ्यापुढे धरला आणि विचारले, “पट्टे किती होते, मोजलास?” मी मोजले नव्हते. छायाचित्रात मोजले : पाच. पाठीवर पिवळसर झाक आणि पाच काळे पट्टे असतील तर ती अबुडेफडफ वंशातली एक जात, आणि सहा-सात अरुंद पट्टे असतील तर बंगालच्या नावाची दुसरी. अंड्यांची राखण करणारा नर निळसर पडतो, म्हणून रंगाची साक्ष धरायची नाही, पट्ट्यांची धरायची. पोपटमाशांचे तर विचारूच नये. त्यांत मादीचा पुढे नर होतो, आणि वेषही इतका पालटतो की पूर्वीच्या निसर्गशास्त्रज्ञांनी एकाच जातीच्या नर-मादींस दोन निरनिराळी नावे देऊन ठेवल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा बाह्याकृती आधी पाहावी, मग शेपटीची कड, तोंडाची ठेवण, पट्टे उभे की आडवे, आणि सर्वांत शेवटी रंग. शिवाय मासा कोणत्या खोलीवर, खडकापाशी की वाळूवर, आणि काय करीत होता हे टिपून ठेवावे, असा त्या तांडेलाचा सारांश होता. पाव टाकून जमवलेल्या माशांवरून समुद्राची गणती करणे म्हणजे जेवणावळीला आलेल्या पंगतीवरून गावाची खानेसुमारी करण्यासारखे आहे, हे त्याचे नव्हे, माझे मत; त्याने फक्त पाव देणाऱ्या मुलाकडे पाहिले आणि तो तंबाखू मळीत राहिला.

त्याच तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात मला आत्याचे इंद्रजाल दिसले. फरक एवढाच की ते काळे नव्हते. फांदीफांदीवर पिवळ्या-केशरी कळ्यांसारखे ठिपके होते आणि पंखा प्रवाहाला आडवा उभा होता. “हे झाड?” मी विचारले. “झाड नाय, काकानू,” तो मुलगा म्हणाला, “जिवंत आसा ता. हात लावू नकात.”

समुद्रपंखा हा प्रवाळांच्या गोत्रातला प्राणी. अधिक नेमके बोलायचे तर प्राण्यांची वसाहत. प्रत्येक ठिपका हा एक स्वतंत्र जीव असतो, त्याला तोंड असते, तोंडाभोवती आठ स्पर्शिका असतात, आणि प्रवाहाबरोबर वाहत येणारे सूक्ष्म अन्न त्या टिपतात. सर्वांचा मिळून एक शिंगासारखा लवचिक सांगाडा असतो, आणि जीव मेले, मांस झडले की जो काळा सापळा उरतो तोच काचेआड बसून ‘मूळ’ या नावाने विकला जातो. याच नावाखाली काळे प्रवाळही खपते. त्याच्या जीवांना सहा स्पर्शिका, आणि त्याची वाढ इतकी मंद की हवाईच्या खोल समुद्रातल्या एका वसाहतीचे वय शास्त्रज्ञांनी चार हजार वर्षांहून अधिक ठरवले आहे. चार हजार वर्षे तग धरलेली वस्तू नजर उतरवण्यासाठी दारावर टांगणारा समाज स्वतः किती वर्षे टिकेल, असा एक आडवा विचार तेव्हा मनात येऊन गेला.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. परंतु समुद्रातील प्राण्यांचा त्यात खरा प्रवेश झाला तो २००१ साली. त्या वर्षी मे महिन्यात व्हेल शार्क, आणि जुलैत प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि काही जातींचे शंख-शिंपले अनुसूचींत दाखल झाले. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली तरी समुद्रपंख्यास वाघाच्याच पंक्तीत स्थान आहे. म्हणजे आमच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या वाघाचे कातडे आणि आत्याच्या दारावरची फांदी कायद्याच्या दप्तरात शेजारी-शेजारी बसतात. कातडे कोणी दिवाणखान्यात टांगले तर गावभर बोभाटा होईल. फांदी निर्धास्त राहते, कारण तिच्याकडे पाहणाऱ्यास ती झाड वाटते.

ओळखीचा हा प्रश्न मालवणातही वेगळ्या रूपाने भेटतो. तिथे मुशीला, म्हणजे शार्कला, मोरी म्हणतात, आणि मोरीचे सांबारे अव्वल दर्जाचे होते याची कबुली मी देतो; पण मोरी हे नाव स्वयंपाकघराने दिलेले, त्यात नाना जाती एकत्र शिजतात, आणि कायदा मात्र जातीजातींत भेद करतो. हा भेद मोरीच्या नावात नसला तरी रापणकरांच्या डोळ्यांत असतो. म्हणूनच राज्य शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये जी तजवीज केली ती मला विशेष शहाणपणाची वाटते : संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला असता मच्छीमाराने जाळे कापून त्यास सोडून दिले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, आणि दाव्याचा पुरावा म्हणून त्या प्राण्याचे छायाचित्र लागते. भर समुद्रात, हलत्या होडीत, एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात फोन धरून होणारा हा पंचनामा. साक्षीदार, पंच आणि मुक्तिदाता एकच.

याच्या उलट मालवणच्या सागरी अभयारण्याची हकीकत. १३ एप्रिल १९८७ रोजी ते जाहीर झाले, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, पैकी गाभा ३.१८, ज्यात शिवरायांनी १६६४ साली कुरटे बेटावर पायाभरणी केलेल्या सिंधुदुर्गाभोवतालचे आणि पद्मगडाजवळचे पाणी येते. स्थानिक मच्छीमारांनी त्यास सतत विरोध केला. त्यांच्या पोटाची हद्द आणि कागदावरची हद्द एकाच पाण्यात पडली होती, आणि पाण्यावर बांध घालता येत नाही. त्यांची भीती अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. ज्या समुद्राची नावनिशी त्यांच्या तोंडी आहे, त्याचे रक्षण त्यांना वगळून करायचे म्हणजे पाटलाला न विचारता गावाची मोजणी करण्यासारखे.

एकेक प्राणी वेगळा ओळखण्याची कला मात्र आमच्या जिल्ह्यास अपरिचित नाही. टिपेश्वरात जन्मलेला आणि गळ्यात रेडिओ पट्टा असलेला एक तरुण वाघ २०१९ साली निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातून सुमारे ३,००० किलोमीटर भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, हे आपण कौतुकाने वाचले. पट्टा नसलेला वाघही अंगावरच्या पट्ट्यांवरून कॅमेऱ्यात ओळखता येतो; व्हेल शार्कच्या कुशीवरचे ठिपके ओळखण्यासाठी तर २००५ साली संशोधकांनी खगोलशास्त्रातली, तारकापुंज ताडून पाहण्याची रीत उचलली, आणि त्यासाठी पोहणाऱ्यांनी काढलेली साधी छायाचित्रे चालतात. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली पंखाला ०३२३३ क्रमांकाची पट्टी लावलेली ऑलिव्ह रिडले कासवीण २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पट्टी नसती तर ती एक कासवीण ठरली असती; पट्टीमुळे ती तीच ठरली, आणि पूर्व व पश्चिम किनाऱ्यांच्या कासवांचे नाते नव्याने तपासणे भाग पडले. मुंबईतही २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना खडकांवर नेऊन तिथले जीव दाखवतात, नोंदवतात. तिथल्याच सागरी किनारा रस्त्याच्या कामात हाजी अली-वरळीकडच्या प्रवाळ-वसाहती परवानगीने उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या, त्या अशा शहरात की जिथे प्रवाळ आहे यावरच अनेकांचा विश्वास नव्हता.

परतल्यावर मी आत्याला चित्र दाखवले. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “इतकी वर्षं मढं टांगून ठेवलं मी गणपतीशेजारी?” आणि मला स्टूल आणावयास सांगितले. चौकट उतरली तेव्हा चुन्याच्या भिंतीवर तिच्या मापाचा पांढराशुभ्र चौकोन उरला.

ती कचऱ्यात टाकवेना आणि ठेवताही येईना, म्हणून मी ती कागदात गुंडाळून एका सरकारी कार्यालयात नेऊन दिली. तिथले कारकून सज्जन होते, परंतु असा मुद्देमाल त्यांच्या टेबलावर प्रथमच येत होता. त्यांनी वही उघडली, ‘वर्णन’ या रकान्यात ‘वाळलेली फांदी’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले आणि माझ्याकडे पाहिले. मी सर्व हकीकत सांगितली : कळ्या, तोंडे, आठ स्पर्शिका, वसाहत. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, ‘वाळलेली फांदी’ खोडून त्यावर ‘समुद्री प्राणी, मृत’ असे लिहिले, खोडाखोडीपाशी आद्याक्षरे केली, आणि पुढच्या रकान्यावर पेन टेकवून विचारले,

“नग किती?”

मी फांदीकडे पाहिले. नखाएवढ्या जागेत कधीकाळी सुईच्या टोकांसारखी कितीतरी तोंडे असणार. मागे दोन इसम सातबाराच्या कामासाठी ताटकळत उभे होते.

“एक लिहा,” मी म्हणालो.