चांगला डोळा झाकायचा कशाला?

माझी पुतणी साडेचार वर्षांची असताना अंगणवाडीतल्या तपासणीत तिला डाव्या डोळ्याने फार कमी दिसते असे निघाले. वरून डोळा अगदी चांगला, म्हणून घरात कुणाला शंकाही आली नव्हती. डॉक्टरांनी आधी चष्मा दिला. काही महिन्यांनी म्हणाले, "आता उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावा."

भाऊ-वहिनी दोघेही कामावर जाणारे. पट्टीचे काम आईकडे आले. पोर रडली की आईला दया यायची आणि ती पट्टी काढून टाकायची. "चांगला डोळा झाकायचा कशाला?" हा तिचा सवाल. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तिलाच बोलावले. नातीचा उजवा डोळा झाकला आणि आजीची बोटे मोजायला सांगितली. पोरीला बोटे मोजता येईनात. आई काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून पट्टी चुकली नाही.

याला 'आळशी डोळा' म्हणतात, पण डोळा आळशी नसतो. दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असला किंवा एक डोळा तिरळा असला, की मेंदू एकाच डोळ्याचे ऐकतो. दुसऱ्याला पाहण्याची सवयच लागत नाही. चांगला डोळा झाकला की मेंदूला त्याच्याकडून काम घ्यावे लागते. सात वर्षांच्या आत याचा गुण सर्वांत चांगला येतो.

आयाबहिणींनो, आम्ही चुका करीत शिकलो ते सांगतो. पट्टी लावल्यावर मुलाला खरोखरच कमी दिसते, म्हणून ते घाबरते. त्याला रागावू नका, मारू तर नकाच. आधी बाहुलीला पट्टी लावा, मग मुलाला थोडा वेळ. पट्टी कातडीला चिकटवा आणि वर चष्मा घाला. नुसती चष्म्यावर लावली तर मूल कडेने पाहते. झोपेतले तास धरू नका. त्या वेळात चित्र रंगवणे, मणी ओवणे, डाळीतले खडे वेचणे अशी जवळची कामे द्या. रस्ता आणि जिना मात्र हात धरूनच. कॅलेंडरवर रोज एक फुली मारू द्या. पट्टी काढताना कडा ओल्या फडक्याने भिजवा. बाईंना आणि शेजारच्या मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे कुणी चिडवणार नाही.

तास आपल्या मनाने वाढवू नका. जास्त झाकल्याने चांगला डोळाही कमजोर होऊ शकतो, म्हणून तपासणीची तारीख पाळा. पट्टी जमलीच नाही तर काही मुलांना डोळ्यात घालायचे थेंब चालतात. ते डॉक्टरच ठरवतील.

सन २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळेतल्या मुलांची तपासणी मोफत होते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. तिरळा डोळा नशिबाचा असतो, असे कुणी म्हणाले तरी थांबू नका.

वर्षभराने पुतणीने उजवा डोळा झाकून आजीची बोटे मोजली. पाचही बरोबर. आईने पदराने डोळे पुसले.