शंभर ताटांचं मीठ

भिवंडीतल्या भिशीत डाळीला मीठ दोनदा पडतं. पहिलं हळदीबरोबर, थोडंसं. दुसरं फोडणी ओतल्यावर, टोप भट्टीवरून उतरवायच्या आधी. मधल्या वेळात पाणी आटतं, डाळ दाटते आणि मघाशी बेताचं वाटलेलं मीठ पुढे यायला लागतं. म्हणून जाणता आचारी पहिल्यांदा हात आखडता ठेवतो. घरात चार माणसांच्या आमटीत मीठ जास्त पडलं तर पेलाभर पाण्याने निभावतं. शंभर माणसांच्या टोपात तसं करायला गेलं की डाळ काठापर्यंत येते, भट्टी अडून राहते, आणि बाहेर मागावरून सुटलेली पाळी हात धुऊन पंगतीला बसलेली असते. खारट डाळीत बटाटा टाका, असं सगळेच सांगतात. पण बटाटा मीठ तेवढं वेचून घेत नाही, तो खारट पाणी पितो. उरलेल्या डाळीचा खारेपणा होता तेवढाच राहतो.

भिशी म्हणजे इथल्या यंत्रमाग कामगारांची महिन्याच्या हिशेबाची खानावळ. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले, बायकामुलं गावी ठेवून राहिलेले पुरुष तिथे दोन्ही वेळ जेवतात. हेच आधी मुंबईच्या गिरणगावात घडून गेलं होतं. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला, मुंबईतलं विणकाम आणखी वेगाने यंत्रमागांकडे वळलं, आणि मागांबरोबर जेवणाऱ्यांची तोंडंही इथे वाढली.

मोठ्या टोपातल्या मिठाचा प्रश्न जहाजांवरही असतो. गोव्यातली आणि कोकणातली कितीतरी मुलं आज क्रूझ जहाजांच्या भटारखान्यात कामाला आहेत. तिथे पाककृती वजनात बांधलेली असते, आणि आधी कळवलं तर कमी मिठाचं जेवण वेगळं करून मिळतं. जहाजावरचा प्रवासी भर समुद्रात दुसऱ्या हॉटेलात जाऊ शकत नाही, त्यामुळे त्याच्या पोटाची जबाबदारी कंपनीला घ्यावीच लागते. भिशीत जेवणाराही असाच बांधलेला असतो. खोलीत चूल नाही, बारा तासांच्या पाळीनंतर रांधायचं बळ नाही, महिन्याचा हिशेब एकाच जागी. त्यात जहाजावरची सफर आठवड्या-दोन आठवड्यांत संपते. भिशीतली वर्षानुवर्षं चालते. तरीही कमी मिठाचं मागितलेलं मी इथे कुणाकडून ऐकलं नाही.

मागाच्या शेडमध्ये उभं राहिलं की मिठाचा प्रश्न किती अवघड आहे ते कळतं. पत्र्याचं छप्पर, वारा कोंडलेला. सुती धागा कोरडा पडला की तुटतो, म्हणून हवेतला ओलावा मागाला मानवतो. माणसाच्या अंगावरचा घाम मात्र त्या ओलाव्यात वाळत नाही. एक लिटर घामाबरोबर माणसागणिक साधारण एक ते चार ग्रॅम मीठ अंगातून जातं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ सांगते, पण मे महिन्यात चार-सहा माग सांभाळणाऱ्या कारागिराला तो आकडा तसाच लावता येणार नाही. अडचण अशी की त्याच टोपातली डाळ हिशेब लिहीत दिवसभर बसणारा मेहताजीही जेवतो, माणकोली-राहनाळच्या गोदामांवर टेम्पो लावून वाट पाहणारा चालकही, आणि रक्तदाबाची गोळी चालू असलेला पन्नाशीचा बिगारीही. एकाच्या घामाचं मीठ दुसऱ्याच्या रक्तात जातं.

आता हिशेब पाहा. शंभर माणसांच्या भिशीत दोन वेळचं मिळून एक किलोचं पुडकं रोज संपत असेल, तर माणशी 10 ग्रॅम झाले. म्हणजे सांगितलेल्या मर्यादेच्या दुप्पट, आणि यात वडापाव, फरसाण, चिप्सचं पाकीट अजून धरलेलंच नाही. बहुतेक आचाऱ्यांना हा हिशेब माहीत नसतो, कारण मीठ मोजलं जातं ते मुठीने किंवा वाटीने. वाटीचा भरवसा नाही. जाड्या मिठाच्या खड्यांमध्ये फटी राहतात. तीच वाटी बारीक मिठाने भरली तर वजनाला बरंच जास्त बसतं. दुकानदाराने मीठ बदललं की डाळ बिघडते आणि दोष हाताला लागतो. शिवाय पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, आणि भट्टीशेजारी उघड्या डब्यात ठेवलेल्या ओलसर मिठातलं आयोडीन कमी होत जातं. भिशीत पीठ-तांदूळ तोलायला काटा असतोच. त्याच काट्यावर मीठ तोलायला क्षणभर लागतो, आणि एवढा साधा बदल होत नाही याची मला चीड येते.

चव घेणं हीसुद्धा कसोटीच आहे. सकाळपासून भट्टीसमोर घामेजलेल्या, पुन्हा पुन्हा पळी चाटलेल्या माणसाची जीभ बोथट होते. त्याला बेताचं वाटतं ते दुसऱ्याला खारट लागतं. एका भिशीतला वयस्कर आचारी म्हणूनच स्वतः शेवटची चव घेत नाही. भांडी घासणाऱ्या पोऱ्याला बोलावतो, आधी चूळ भरायला लावतो, मग पळी पुढे करतो. त्याची दुसरी रीत मला जास्त मोलाची वाटली. मीठ वाढवायच्या आधी तो चिंचेचा कोळ वाढवतो. आंबटाने खारटपणा उठून येतो, आणि तेलंगणातून आलेल्या माणसांना तशी डाळ आवडतेही. भाताला तो मीठ लावत नाही. ज्याला हवं त्याच्यासाठी मीठ आणि लिंबाची फोड पंगतीत ठेवलेली असते. मागावरचा माणूस चिमूटभर घेतो, मेहताजी घेत नाही. टोपात पडलेलं मीठ कुणालाच काढता येत नाही. ताटात मात्र ज्याचं त्याला ठरवता येतं.

मालकांचा आक्षेप ठरलेला आहे: मीठ कमी केलं की जेवण अळणी म्हणून गिऱ्हाईक शेजारच्या भिशीत जाईल. एका रात्रीत निम्मं केलं तर जाईलही. पण जीभ काही आठवड्यांत कमी मिठाला सरावते. ब्रिटनमध्ये 2003 पासून पावासारख्या रोजच्या पदार्थांतलं मीठ हळूहळू उतरवत नेलं. माणशी रोजचं मीठ सुमारे 9.5 ग्रॅमवरून 2011 पर्यंत 8.1 ग्रॅमवर आलं. भिशीच्या मालकाने किलोतले पन्नास ग्रॅम या महिन्यात कमी करावेत, पुढचे पन्नास दिवाळीनंतर. सुरुवात पापड आणि लोणच्यापासून करावी, कारण ती रोज वाढली नाहीत तरी कुणी उपाशी उठत नाही; आणि उन्हाळ्यात मागावरच्या माणसांसाठी मीठ-लिंबाचं पाणी वेगळं, मोजून, शेडमध्येच पाठवावं.