पाच जणांची पेढी

लेस्टर बॉवी या ट्रम्पेटवादकाने १९६९ साली घरातले फर्निचर विकले आणि साथीदारांसह पॅरिस गाठले. कारण साधे होते. शिकागोत त्यांचे संगीत ऐकणारे थोडे आणि त्यासाठी पैसे मोजणारे त्याहून थोडे. रॉस्को मिचेल, जोसेफ जारमन, मालाकाय फेव्हर्स आणि बॉवी असे हे चौघे. पॅरिसच्या आयोजकाने त्यांच्या नावाला ‘ऑफ शिकागो’ हे शेपूट जोडले आणि तेच कायम झाले : आर्ट एन्सेंबल ऑफ शिकागो. १९७० मध्ये डॉन मोये हा ड्रमर येऊन मिळाला आणि पाचांचा संच पुरा झाला.

मोये येण्यापूर्वीची गोष्ट अधिक गमतीची आहे. आधीचा ड्रमर फिलिप विल्सन दुसऱ्या बँडमध्ये निघून गेला, तेव्हा या चौघांनी बदली माणूस न शोधता तालवाद्ये आपसांतच वाटून घेतली. घंटा, शिट्ट्या, सायकलचे भोंगे, गाँग, हाताला लागेल ते. शेकडो वाद्यांनी रंगमंच भरून जाई. तोंडे रंगवलेले, आफ्रिकी पेहरावातले तिघे, डॉक्टरचा पांढरा कोट घातलेला बॉवी आणि साध्या कपड्यांतला मिचेल. वादनाआधी हे सगळे पूर्वेकडे तोंड करून क्षणभर स्तब्ध उभे राहत.

मुक्त जॅझ म्हणजे ठरलेल्या चालीतून आणि ठेक्यातून सुटका, असे ढोबळमानाने सांगतात. आपल्याला त्याचे नवल वाटू नये. उपज हा आपल्याही मैफलीचा प्राण आहे. पण आपल्या गवयाच्या पाठीशी राग असतो, ठेका असतो, आणि कितीही भटकला तरी त्याला समेवर यायचे असते. इथे सम कुठे आहे ते पाचांनी मिळून, दर वेळी नव्याने शोधायचे. ते स्वतः ‘जॅझ’ हा शब्द टाळत. आपल्या संगीताला ‘महान कृष्णवर्णीय संगीत, प्राचीनापासून भविष्यापर्यंत’ म्हणत.

एवढी मोकळीक घेणारी माणसे व्यवहारात मात्र कमालीची शिस्तीची होती. ज्या संस्थेतून ती आली, ती ‘एएसीएम’ मे १९६५ मध्ये शिकागोच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय संगीतकारांनी स्थापन केली. रिचर्ड अब्राम्स हा तिचा म्होरक्या. सभासदांनी वर्गणी भरायची आणि संस्थेच्या कार्यक्रमात फक्त स्वतःच्या रचना वाजवायच्या, हा नियम. पुढे मुलांना शिकवण्यासाठी तिने शाळाही काढली. आर्ट एन्सेंबलही सहकारी तत्त्वावर चालले. कोणी मालक नाही, कोणी पगारी नोकर नाही. पुढे त्यांनी ‘एईको’ नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनीही काढली.

भागीदारीतल्या पेढ्या बहुधा तोट्याने फुटत नाहीत, कोणाचा वाटा किती यावरून फुटतात, हे बँकेत टेबलामागे उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला ठाऊक असते. जॅझचे संच तर नायकाच्या नावाने चालतात आणि नायकाबरोबर संपतात. माझ्या मते या पाचांचा खरा वारसा त्यांच्या तबकड्यांइतकाच या व्यवस्थेत आहे.

तिची परीक्षा पुढे झाली. १९९३ मध्ये जारमन झेन साधना आणि ऐकिदोच्या वर्गाकडे वळला. उरलेले चौघे वाजवत राहिले. नोव्हेंबर १९९९ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी बॉवी कर्करोगाने गेला. मागे राहिलेल्या तिघांनी ‘ट्रिब्यूट टू लेस्टर’ ध्वनिमुद्रित केले, त्यात ट्रम्पेट घेतलाच नाही. ऐकताना त्याची जागा कानाला सारखी जाणवते. २००३ मध्ये जारमन परतला, आणि २००४ च्या जानेवारीत फेव्हर्स गेला. मग मात्र कोरी विल्क्सचा ट्रम्पेट आणि जरिबू शाहिदचा बास आला. उत्तम वादक दोघेही. तरी मला तिघांची ती तबकडी अधिक जवळची वाटते.

जानेवारी २०१९ मध्ये जारमनही गेला. त्याच वर्षी पन्नाशीनिमित्त ‘वुई आर ऑन द एज’ निघाले. मूळ पाचांपैकी त्यात मिचेल आणि मोये एवढेच. भोवती मोठा ताफा : निकोल मिचेलची बासरी, टोमेका रीडचे चेलो, मूर मदरचे शब्द. बॉवीने फर्निचर विकले तेव्हा यांतल्या रीड आणि मूर मदरचा जन्मही झालेला नव्हता.