मालमोटारीची मागील उंची व कमानीचे पाटे

नागपूर-बैतूल-नर्मदापुरम मार्गाने भोपाळला ये-जा करणाऱ्या मालमोटारी रिकाम्या असताना त्यांचा मागील भाग पुढील भागापेक्षा काहीसा उंच दिसतो. गाडी समतल व देखणी दिसावी म्हणून ही उंची कमी करून घेण्याचा मोह काही मालकांना होतो. तथापि ही उंची दोष नसून ती हेतुपुरस्सर ठेवलेली असते.

मालाचा बहुतेक भार मागील आसावर येतो. तो पेलण्यासाठी पोलादी पाटे एकावर एक रचून कमान तयार केलेली असते व ती यू-बोल्टांनी आसास आवळलेली असते. अनेक गाड्यांत जोडीला साहाय्यक कमान असते. ती पुरेसा भार पडल्यावरच टेकते. माल चढताच कमान दबते आणि गाडी आपोआप समतल होते. रिकामी असतानाच ती समतल केल्यास भरलेली गाडी मागे कलते व तिच्या दिव्यांचा झोत समोरच्या चालकाचे डोळे दिपवितो.

उंची कमी करण्यासाठी पाटे काढणे विशेष घातक होय. समान जाडीच्या दहा पाट्यांतील दोन काढल्यास उरलेल्या प्रत्येकावर सव्वापट भार येतो. २०१८ मध्ये चार टायरांच्या एका आसावरील अनुज्ञेय भार १०.२ वरून ११.५ टन झाला. त्यामुळे शाबूत कमानीची गरज अधिकच वाढली आहे.

काही गाड्यांत भारानुसार ब्रेकचा दाब ठरविणारी झडप असते. चौकट व आस यांतील अंतरावरून ती भार ओळखते. हे अंतर घटल्यास ती रिकामी गाडीही भरलेली समजते, मागील चाकांना अधिक दाब देते, आणि पावसाळ्यात बुधनीसारख्या घाटाच्या उतारावर चाके जखडून गाडी घसरण्याचा धोका संभवतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अननुज्ञेय बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

गाडी खरोखरच एका बाजूस कलत असल्यास ती सपाट जागी उभी करून आस व चौकट यांतील अंतर दोन्ही बाजूंस मोजावे. फरक आढळल्यास तडकलेला वा बसलेला पाटा शोधून उत्पादकाने ठरविलेल्या मापाचाच बसवावा. गाडीच्या देखणेपणापेक्षा चालकाचा व वाटसरूंचा जीव केव्हाही मोलाचा आहे.