डास ओळखण्याची विद्या



ज्या सरांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, त्यांनी आम्हाला शिकवलेला जीवशास्त्राचा पहिला धडा पुस्तकातला नव्हता. शाळेमागच्या हौदावर त्यांनी आम्हाला नेले, चिनी मातीच्या पांढऱ्या बशीत थोडे पाणी घेतले आणि विचारले, "ही अळी पाण्यावर आडवी पडली आहे, की डोके खाली करून लोंबते आहे?" त्या प्रश्नात विचारण्याजोगे काय आहे, हे आमच्यापैकी एकालाही कळले नाही. पुढे पस्तीस वर्षे मी त्याच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी पगार घेतला. डासांचा अभ्यास हा माझा व्यवसाय झाला. लग्नकार्यात कोणी "आपण काय करता?" असे विचारले की मी जरा चाचरत असे, उत्तर ऐकून माणसे हसू दाबताना दिसत. आज मात्र तेच सांगण्यासाठी आपण मला मानाने बोलावले आहे.

आडवी पडलेली अळी ॲनॉफेलीसची, म्हणजे हिवतापाचा प्रसार करणाऱ्या कुळातली. तिला श्वसननळी नसते, म्हणून श्वास घेण्यासाठी ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर राहते. लोंबणारी अळी क्यूलेक्सची किंवा एडिसची. तिच्या शेपटीकडे नळी असते. एवढा साधा भेद आहे. परंतु तो लक्षात न आल्यामुळे आपल्याच शहराच्या शेजारी एका बुद्धिमान माणसाची दोन वर्षे वाया गेली होती.

रोनाल्ड रॉसचा जन्म १८५७ साली अल्मोड्याला झाला. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला हा डॉक्टर १८९४ मध्ये रजेवर लंडनला गेला असता पॅट्रिक मॅन्सनने त्याला हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तातले परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. लाव्हरान या फ्रेंच डॉक्टरने ते १८८० साली अल्जीरियात शोधून काढले होते. हे परजीवी माणसाबाहेर पडून डासाच्या शरीरात वाढत असावेत, असा मॅन्सनचा तर्क होता. तो अर्धाच बरोबर होता. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला हिवताप होतो, असे मॅन्सनला वाटे. १८९५ मध्ये रॉस एकोणिसाव्या मद्रास इन्फन्ट्रीबरोबर सिकंदराबादेत आला तो हीच कल्पना डोक्यात घेऊन. त्याने माणसांना असे पाणी पाजूनही पाहिले. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. त्या काळी त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारला नाही.

रुग्णांना चाववून डास फाडण्याचे काम त्याने नेटाने चालवले. पण हाताशी येत ते डास करड्या रंगाचे किंवा पाठीवर पट्टे असलेले, म्हणजे आज आपण ज्यांना क्यूलेक्स आणि एडिस म्हणतो ते. त्यांच्या जठरात हिवतापाचा परजीवी वाढतच नाही. कीटकशास्त्राचे शिक्षण रॉसला नव्हते, जवळ चांगले पुस्तकही नव्हते. तंत्रात चूक नव्हती, चिकाटीत कसूर नव्हती. डास तेवढा चुकीचा होता.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये बेगमपेठच्या इस्पितळात त्याच्या मदतनिसांनी काही वेगळ्या अळ्या आणल्या. त्यांतून निघालेले डास तपकिरी, पंखांवर ठिपके असलेले आणि बसताना शेपूट वर करून तिरके बसणारे होते. १६ ऑगस्टला रॉसने हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला असे दहा डास चावू दिले आणि डासामागे एक आणा या दराने त्याला दहा आणे दिले. खोलीत असह्य उकाडा होता. पंखा ओढला तर डास उडून जातील, म्हणून तोही बंद. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते आणि नेत्रिकेला तडा गेला होता. २० ऑगस्टला, उरलेल्या मोजक्या डासांपैकी एकाच्या जठराच्या भिंतीत त्याला गोल पेशी दिसल्या, आणि त्यांत हिवतापाच्या परजीवीतच आढळणारे काळे रंगकण होते. दुसऱ्या दिवशी फाडलेल्या शेवटच्या डासात त्याच पेशी आकाराने मोठ्या झालेल्या होत्या. वाढ होत होती, म्हणजे तो परजीवी जिवंत होता. त्याच वर्षी १८ डिसेंबरच्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. तोवर रॉसची बदली राजपुतान्यात खेरवाड्याला झाली होती, जिथे हिवतापाचे रुग्णच फारसे नव्हते. सरकारी बदल्यांचे शास्त्र तेव्हाही असेच होते. १८९८ मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्याने परजीवी डासाच्या लाळग्रंथीपर्यंत पोचतो हे दाखवले. माणसाच्या हिवतापाचे संपूर्ण चक्र त्याच वर्षी ग्रास्सी आणि त्याच्या इटालियन सहकाऱ्यांनी सिद्ध केले. श्रेयावरून दोघांत जे भांडण झाले ते दोघांनाही शोभणारे नव्हते. १९०२ चे नोबेल पारितोषिक रॉसला मिळाले.

हुसेन खानाचे पुढे काय झाले, याचा विचार मी अनेकदा केला आहे. वीस ऑगस्ट हा दिवस आता जगभर डास दिन म्हणून पाळला जातो. बेगमपेठच्या जुन्या विमानतळाजवळची ती इमारत जतन केलेली आहे. नल्लाकुंट्याच्या ज्या फीव्हर हॉस्पिटलला आपल्याकडे सगळे 'कोरंटी दवाखाना' म्हणतात, त्याच्या अधिकृत नावातही रॉस आहे. ज्या रक्तातून हे सारे निघाले त्याची किंमत दहा आणे झाली. रॉसने त्याचे नाव नोंदवून ठेवले, याबद्दल मात्र मी रॉसचा ऋणी आहे.

आता माझ्या विषयाचे मर्म सांगतो. डासाच्या मादीने रुग्णाचे रक्त शोषले की परजीवी तिच्या जठराच्या भिंतीत शिरतो, तिथे वाढतो, फुटतो आणि लाळग्रंथीत पोचतो. याला हवामानानुसार साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. याचा अर्थ तरुण डास निरुपद्रवी असतो. धोका असतो तो म्हाताऱ्या मादीपासून. समजा, रोज शंभरांतल्या दहा माद्या मरतात. बारा दिवसांनी अठ्ठावीस उरतील. रोज वीस मेल्या तर सातच उरतील. रोज निम्म्या मेल्या, तर बारा दिवसांनी चार हजारांत एक. म्हणजे डासांचा समूळ नाश करण्याची गरज नाही. त्यांचे आयुष्य थोडे कमी झाले तरी रोग पसरणे थांबते. प्रत्येक डास मारण्याची आवश्यकता नसते, हे रॉसनेही पुढे गणिताने मांडले होते.

मादीचे वय ओळखायचे तर तिचे बीजकोश काढून पाहावे लागतात. अंडी न घातलेल्या मादीच्या बीजकोशावरील सूक्ष्म श्वसननलिकांची टोके लोकरीच्या गुंड्यासारखी गुंडाळलेली असतात; एकदा अंडी घातली की ती उलगडतात आणि पुन्हा गुंडाळली जात नाहीत. सोव्हिएत संशोधक देतिनोव्हा यांनी रूढ केलेली ही पद्धत. एका सकाळी साठ-सत्तर डास फाडून मी कित्येक वर्षे हेच पाहत बसलो आहे.

भिंतीवर डीडीटी फवारण्यामागेही हेच गणित होते. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर विसावते, तिथेच तिला गाठायचे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले, आणि १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली. मग १९७६ साली ती चौसष्ट लाखांवर गेली. डास डीडीटीला सरावले होते, खरेच. पण खेड्यांतून हिंडताना मी आणखी एक कारण पाहिले. फवारणीनंतर आठ-दहा दिवसांत सण येई आणि गृहिणी भिंती सारवून घेत. शेणमातीखाली डीडीटी गाडला जाई. त्या बायांना दोष कसा द्यावा? भिंतीवरचा पांढरा थर कशासाठी आहे, हे त्यांना आमच्यापैकी कोणी सांगितलेच नव्हते.

इतरांबद्दल बोललो, आता स्वतःबद्दल. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत जुन्या शहरातल्या एका मोहल्ल्यात तापाची साथ आली. मी रात्री घरोघरी डास पकडले. पुष्कळ मिळाले, जवळजवळ सगळे क्यूलेक्स. पंधरा दिवस आम्ही गटारांत तेल ओतत होतो आणि ताप हटत नव्हता. शेवटी एका वृद्ध खालांनी मला अंगणात थांबवून सुनावले, "साब, रात के मच्छरां नक्को देखो, दिन के देखो." त्यांच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात डोकावलो. पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस इजिप्ती तिथे सुखाने नांदत होता. तो दिवसा चावतो, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि गटाराकडे फिरकतही नाही. रॉसच्या दोन वर्षांची गोष्ट मला तोंडपाठ होती, तरी मी तेच केले. जो डास सहज हाती आला त्यालाच गुन्हेगार ठरवले. त्या पंधरा दिवसांत त्या मोहल्ल्यात जे नवे रुग्ण झाले, त्यांतले काही माझ्या हिशेबी लिहिले पाहिजेत. त्या खालांच्या घरात तीन होते.

या एडिसला आपण ओळखून असायला हवे. १९७३ मध्ये बार्शीत त्याने चिकुनगुन्या पसरवला. मग तो रोग देशातून जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रात एकदम उसळला. २००६ मध्ये देशात सुमारे चौदा लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. डेंग्यू पसरवणाराही हाच. त्याची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून कोरडी राहिली तरी कित्येक महिने मरत नाहीत. म्हणूनच कूलर नुसता रिकामा करून भागत नाही, तो घासावा लागतो. हैदराबादेत उन्हाळा सरला की कूलर गच्चीवर किंवा जिन्याखाली जातो, पहिला पाऊस पडतो, आणि पुढचे सारे आपोआप घडते. धूर सोडणारी गाडी आली की लोकांना समाधान वाटते. घरात बसलेल्या एडिसला त्या धुराचा फारसा उपद्रव होत नाही.

रॉसला सापडलेला ठिपकेदार पंखांचा डास ॲनॉफेलीस स्टिफेन्साय असावा, असे मानणारे अनेक अभ्यासक आहेत. आपल्या शहरांतल्या हिवतापाचा मुख्य वाहक तोच. विहिरी, हौद आणि गच्चीवरच्या उघड्या टाक्या ही त्याची घरे. आफ्रिकेत हिवताप प्रामुख्याने खेड्यांचा रोग राहिला, याचे एक कारण असे की तिथल्या डासांना शहरातल्या टाक्यांत राहण्याची कला साधलेली नव्हती. २०१२ मध्ये स्टिफेन्साय जिबुतीत आढळला, २०१६ मध्ये इथिओपियात. २०२२ मध्ये इथिओपियाच्या डिरे दावा शहरात भर कोरड्या हंगामात हिवतापाची साथ आली तेव्हा त्यामागे हाच निघाला. आपल्या टाकीतला डास समुद्र ओलांडून गेला, आणि तिथल्या तरुण कीटकशास्त्रज्ञांना आता पंखांवरचे ठिपके नव्याने मोजावे लागत आहेत.

आज सभागृहात येण्यापूर्वी मी थोडा लवकर आलो आणि जुन्या सवयीने शाळेच्या मागे गेलो. हौद बुजवला आहे, त्या जागी सिमेंटची टाकी आहे. तिचे झाकण एका कोपऱ्यात फुटले आहे. सेवकाकडून पांढरी बशी मागून घेतली. अळ्या होत्या, आणि त्या पाण्यावर आडव्या पडल्या होत्या. मुख्याध्यापकांशी बोललो आहे. सोमवारी टाकी रिकामी करून घासून घेतील आणि नवे झाकण बसवतील. आठवीच्या वर्गाला त्या वेळी तिथे उभे करावे, एवढी विनंती मी त्यांना केली आहे.