दूरनियंत्रित यंत्रमानव : कसा घडतो व कशासाठी?



जेथे माणसाने उतरू नये तेथे यंत्र पाठवावे आणि माणसाने सुरक्षित जागी उभे राहून ते चालवावे, ही दूरनियंत्रित यंत्रमानवामागील साधी कल्पना होय. पूर्वी ही विद्या मोठ्या प्रयोगशाळांपुरती मर्यादित होती. 29 फेब्रुवारी 2012 रोजी इंग्लंडमध्ये ‘रास्पबेरी पाय’ हा एटीएम कार्डाएवढा संगणक विक्रीस आला आणि ती शाळकरी मुलांच्या आवाक्यात आली. जळगाव-धुळ्याकडील आपल्या मुलामुलींनी ती हस्तगत करावी, म्हणून हा लेखप्रपंच.

यंत्रमानव म्हटले की हातपाय असलेली आकृती डोळ्यांपुढे येते. परंतु सुरुवात चाकांच्या छोट्या गाडीपासून करावी. संगणकाचे कार्ड, गिअर असलेल्या दोन लहान मोटारी, दोन चाके, पुढे एक फिरते चाक, मोटर ड्रायव्हर, बॅटरी, कार्डाला 5 व्होल्ट देणारा कन्व्हर्टर आणि कॅमेरा एवढे साहित्य पुरते.

येथे एक नियम पक्का ध्यानात ठेवावा. मोटार थेट कार्डाच्या पिनला जोडू नये. पिनमधून 3.3 व्होल्टचा संकेत निघतो व प्रवाह अगदी थोडा मिळतो. मोटारीला त्याच्या कितीतरी पट लागतो. थेट जोडल्यास कार्ड निकामी होऊ शकते. विहिरीवर बोटाने स्टार्टरचे बटण दाबले की मोठी मोटार सुरू होते, तसेच काम येथे ड्रायव्हर करतो. त्यात प्रत्येक मोटारीसाठी चार स्विच असतात. त्यांची एक जोडी लागली की मोटार सुलट फिरते, दुसरी लागली की उलट. दोन्ही मोटारी सुलट फिरल्या की गाडी पुढे जाते. डावी थांबवून उजवी चालवली की डावीकडे वळते. कार्ड, ड्रायव्हर व बॅटरी यांची ग्राउंडची तार सामाईक असावी, अन्यथा संकेत नीट पोहोचत नाही.

मोबाईल व कार्ड एकाच वाय-फायवर असतात. मोबाईलवरील बटण दाबले की आज्ञा कार्डाकडे, तेथून ड्रायव्हरकडे व शेवटी मोटारीकडे जाते. ही आज्ञावली ‘पायथन’ भाषेत लिहिता येते. अर्धा सेकंद आज्ञा न आल्यास मोटारी आपोआप थांबाव्यात, अशी ओळ तिच्यात अवश्य घालावी. आपल्या खानदेशात उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, म्हणून कार्डाच्या चिपवर हीटसिंक बसवावा आणि लिथियम बॅटरी उन्हात ठेवू नये.

आता हे कशासाठी? माणसाला मैलागटारात उतरवण्याच्या प्रथेविरुद्ध 2013 साली कायदा झाला. तरीही मृत्यू थांबले नाहीत. 20 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृताच्या वारसांना 30 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. गटारातील हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो आणि त्याचे प्रमाण वाढले की वासही कळेनासा होतो. केरळातील तरुण अभियंत्यांनी यावर उपाय म्हणून ‘बँडिकूट’ हे यंत्र तयार केले व 2018 साली ते तिरुवनंतपुरम येथे कामाला लागले. यंत्र आत उतरते, चालक वरच उभा राहतो.

आपली छोटी गाडी हे काम करू शकणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. जमिनीखाली वाय-फाय नीट पोहोचत नाही, म्हणून तेथे केबल लागते. मिथेन वायूत मोटारीच्या ठिणगीने स्फोट होऊ शकतो, म्हणून यंत्र विशेष बंदिस्त असावे लागते. परंतु आज्ञा, ड्रायव्हर, मोटार व कॅमेरा यांचे मूळ तत्त्व दोन्हीकडे तेच आहे. जो गाडी समजून घेतो, त्याला पुढचे यंत्रही समजते.

शाळांतील अटल टिंकरिंग लॅब ही योजना 2016 पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहे. आयआयटी मुंबईचा ‘ई-यंत्र’ प्रकल्प महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना यंत्रमानवशास्त्र शिकवतो. जळगाव, धुळे व शिरपूर येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. पालकांनी मुलांबरोबर मुलींच्याही हाती सोल्डरिंगची इस्त्री द्यावी. एकाही माणसाला गटारात उतरावे लागू नये, असे यंत्र आपल्या खानदेशातच घडावे, अशी आमची अपेक्षा आहे.