सुगंधित पाइप-तंबाखूचे परिपक्वन

सुगंधित पाइप-तंबाखूचे परिपक्वन म्हणजे गोड अथवा सुवासिक द्रव्यांचा संस्कार केलेली, पाइपमधून ओढावयाची तंबाखू हवाबंद पात्रात अनेक महिने किंवा वर्षे ठेवून तिच्या चवीत व गंधात संथपणे बदल घडू देणे होय. बोलीभाषेत या क्रियेला तंबाखू 'मुरवणे' असे म्हणता येईल. युरोप व उत्तर अमेरिकेतील पाइप ओढणाऱ्यांमध्ये तंबाखूचा असा साठा करण्याची प्रथा आहे. जुनी तंबाखू नेहमीच अधिक चांगली असते, असा एक समज या प्रथेमागे दिसतो. साध्या तंबाखूच्या काही प्रकारांबाबत त्यात तथ्य आहे. सुगंधित मिश्रणांबाबत मात्र तो अंशतःच खरा आहे. मिश्रणातील पान मुरत असते, त्याच वेळी वरून दिलेला सुवास ओसरत असतो. या दोन विरुद्ध क्रियांचा मेळ कसा बसतो, यावर अंतिम परिणाम अवलंबून राहतो.

पानांचे प्रकार

पाइपसाठी वापरली जाणारी तंबाखू मुख्यतः निकोटियाना टबॅकम या वनस्पतीपासून मिळते. पान कसे वाळवले, यावर त्याचे पुढील वर्तन ठरते.

व्हर्जिनिया प्रकारची पाने बंद कोठारात नळ्यांतून खेळवलेल्या उष्णतेने साधारण आठवडाभरात वाळवतात. उष्णतेमुळे पानातील विकरे लवकर निष्क्रिय होतात. त्यामुळे पिष्टापासून तयार झालेली शर्करा पानातच राहते. बर्ली प्रकारची पाने हवेशीर कोठारात कित्येक आठवडे टांगून वाळवतात. या दीर्घ काळात पानातील पेशी बराच काळ जिवंत राहून शर्करा खर्च करतात. परिणामी बर्लीत शर्करा जवळजवळ उरत नाही. फिकट बर्लीचा वाण १८६४ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात प्रथम आढळला. तिचे पान सच्छिद्र असल्याने ते पाक व अर्क भरपूर शोषून घेते. म्हणूनच सुगंधित मिश्रणांत तिला महत्त्वाचे स्थान मिळाले.

याखेरीज उन्हात वाळवलेली पौर्वात्य पाने, धुरावर धरलेली लाटाकिया आणि लुइझियाना राज्यातील सेंट जेम्स परगण्यात पिंपांमध्ये दाबाखाली आंबवली जाणारी पेरिक हे प्रकारही मिश्रणांत येतात. कॅव्हेंडिश हा स्वतंत्र वाण नसून संस्काराचा प्रकार आहे. त्यात पानांना वाफ, उष्णता व दाब देऊन ती मऊ, गोडसर आणि गडद केली जातात. हे नाव १६व्या शतकातील इंग्रज दर्यावर्दी टॉमस कॅव्हेंडिश याच्यावरून पडल्याची आख्यायिका आहे.

सुगंध देण्याची पद्धत

सुगंधित तंबाखूवर सामान्यतः दोन टप्प्यांत संस्कार होतात. पहिल्या टप्प्यास केसिंग म्हणतात. आयुर्वेदात चूर्णाला रसाची भावना देतात, त्याच्याशी हा टप्पा मिळताजुळता आहे. साखर, काकवी, ज्येष्ठमध, कोको यांसारख्या द्रव्यांच्या पाकात पाने भिजवतात अथवा तो पाक पानांवर फवारतात आणि नंतर उष्णता देतात. यामुळे पानाचा उग्रपणा कमी होतो आणि ही द्रव्ये पानात खोलवर शिरतात.

दुसऱ्या टप्प्यास टॉपिंग म्हणतात. पाने कातरून झाल्यावर त्यांवर व्हॅनिला, चेरी, रम, व्हिस्की, मेपल इत्यादींचे अर्क शिंपडले जातात. डबा उघडताच जो वास येतो, तो मुख्यतः या अर्कांचा असतो. तंबाखू कोरडी पडू नये म्हणून अनेक मिश्रणांत प्रॉपिलीन ग्लायकॉल हे ओलावा धरून ठेवणारे द्रव्यही घालतात. त्यामुळे काही सुगंधित मिश्रणे दीर्घकाळ दमट व चिकट राहतात.

मुरताना होणारे बदल

कारखान्यात येण्यापूर्वीच पाने गाठोड्यांत किंवा पिंपांत दीर्घकाळ ठेवून मुरवलेली असतात. ग्राहकाच्या घरी होणारे परिपक्वन हा त्याच क्रियेचा पुढचा आणि अधिक मंद भाग असतो.

लोणच्याच्या फोडीत मीठ व मसाला भिनतो, त्याप्रमाणे पहिल्या काही महिन्यांत मिश्रणातील घटक एकमेकांत मिसळतात. ओलावा सर्वत्र सारखा पसरतो आणि सुट्या चवी एकजीव होतात. या टप्प्याचा लाभ सुगंधित मिश्रणांनाही होतो.

त्यापुढील बदल प्रामुख्याने रासायनिक असतात. शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात मेलार्ड अभिक्रिया होते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मेलार्ड यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. भाकरीवर पडणारे खरपूस डाग हे याच अभिक्रियेचे फळ आहे; मात्र तव्यावर ती क्षणांत घडते, तर डब्यातील तंबाखूत तिला वर्षे लागतात. याच काळात पानातील कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचे विघटन होऊन फुलांची व सुक्या फळांची आठवण करून देणारी गंधद्रव्ये निर्माण होतात. पान गडद होते आणि चवीतील तिखटपणा सौम्य होतो.

या क्रियांना शर्करेची गरज असल्याने व्हर्जिनियाचे प्रमाण अधिक असलेली मिश्रणे चांगली मुरतात. बर्लीत नैसर्गिक शर्करा अत्यल्प असते. काळ्या कॅव्हेंडिशवर वाफेचा व उष्णतेचा संस्कार आधीच झालेला असतो. जे बदल काळाने घडावयाचे, त्यांतील बरेचसे उष्णतेने अगोदरच घडवून आणलेले असतात. म्हणून काळी कॅव्हेंडिश आणि बर्ली यांवर आधारलेली नेहमीची सुगंधित मिश्रणे दहा वर्षे ठेवली तरी पानाच्या चवीत फारशी भर पडत नाही.

सुवासाचे ओसरणे

टॉपिंगमधील द्रव्ये कमी-अधिक प्रमाणात बाष्पशील असतात. फळांचे अर्क ज्या एस्टर वर्गातील संयुगांपासून बनतात, ती सहज उडून जातात व ओलाव्याच्या सान्निध्यात हळूहळू विघटितही होतात. रम किंवा व्हिस्कीतील मद्यार्कही टिकत नाही. व्हॅनिलातील व्हॅनिलिन त्यामानाने कमी बाष्पशील असल्याने अधिक काळ राहते. याचा परिणाम असा की, अनेक सुवासांचे मिश्रण केलेल्या तंबाखूत सर्व सुवास एकाच गतीने कमी होत नाहीत. वरचा फळांचा गंध निघून जातो, व्हॅनिलाचा गोडवा मागे राहतो आणि मिश्रणाचा मूळ तोल बदलतो.

पात्र पूर्णपणे हवाबंद असेल तर गंधद्रव्ये बाहेर जाऊ शकत नाहीत आणि हा ऱ्हास बराच मंदावतो. तथापि पात्र वारंवार उघडल्यास प्रत्येक वेळी काही गंध निसटतो व नवा प्राणवायू आत शिरतो. यामुळेच सुगंधित मिश्रणे थोड्या वर्षांत संपवावीत, असा संकेत रूढ आहे. ज्या मिश्रणांत सुवास हलका असून खाली व्हर्जिनियाचे भरपूर पान आहे, ती याला अपवाद ठरतात. त्यांत सुवास मंदावला तरी मुरलेल्या पानाची स्वतःची चव त्याची जागा घेते.

साठवण

दीर्घ साठवणीसाठी रबरी कडीच्या झाकणाच्या काचेच्या बरण्या वापरल्या जातात. अशा बरण्यांचा आद्य नमुना ठरलेल्या फिरकीच्या झाकणाच्या बरणीचे पेटंट अमेरिकेतील जॉन लँडिस मेसन यांनी १८५८ मध्ये घेतले. ती मूळची फळे व भाज्या टिकवण्यासाठी होती. काच गंध शोषत नाही. पातळ प्लॅस्टिकमधून मात्र गंधद्रव्ये झिरपतात. निर्वात केलेले पत्र्याचे डबेही अनेक वर्षे टिकतात. परंतु दमट व गोड तंबाखूमुळे पत्रा आतून गंजू शकतो आणि एखादे सूक्ष्म छिद्रही डबा निकामी करण्यास पुरेसे असते.

साठवणीची जागा थंड, अंधारी आणि तापमानात फार चढउतार नसणारी असावी लागते. उष्णतेने अभिक्रिया वेगाने होतात, पण चव बिघडते. कोकणासारख्या उष्ण व दमट प्रदेशात पावसाळ्यात उघडी राहिलेली तंबाखू लवकर ओलावा धरते. भिन्न सुवासांची मिश्रणे एकाच पात्रात ठेवल्यास गंध एकमेकांत मिसळतात. झाकणाच्या रबरातही जुना वास राहून जातो. कोरडी पडलेली तंबाखू ओली करण्यासाठी सफरचंदाची किंवा बटाट्याची फोड ठेवण्याची जुनी रीत आहे. मात्र तिच्यामुळे बुरशीला आमंत्रण मिळते.

बुरशी आणि स्फटिक यांतील भेद

मुरलेल्या तंबाखूवर कधी कधी पांढरे, चकाकणारे कण दिसतात. ते पानातून पृष्ठभागावर आलेले स्फटिक असून निरुपद्रवी मानले जातात. बुरशी मात्र कापसासारखी तंतुमय असते, तिला चमक नसते आणि तिचा कुबट वास येतो. बुरशी आलेली तंबाखू टाकून देणे हाच उपाय होय. बुरशीचा दिसणारा भाग काढल्याने उरलेली तंबाखू निर्दोष ठरत नाही. तंबाखूचा भुंगा ही साठवणीतील आणखी एक अडचण आहे. त्याच्या अळ्या पाने पोखरतात आणि उष्ण हवेत त्यांची वाढ जलद होते.

भारतीय साम्य

तंबाखूला गोडवा व सुवास देऊन मुरवण्याची कल्पना भारतातही अपरिचित नाही. मोगल दरबारातील असद बेग याने १७व्या शतकाच्या आरंभी विजापुराहून तंबाखू नेऊन अकबरापुढे सादर केली, हा प्रसंग त्याच्या वृत्तान्तामुळे ज्ञात आहे. पुढे हुक्का व गुडगुडी यांचा प्रसार झाला, तसे गूळ मिसळून केलेले गुडाखू आणि फळांचा गर व मसाले घालून आंबवलेला खमिरा हे प्रकार प्रचारात आले. पाश्चात्त्य सुगंधित मिश्रणांशी त्यांचा थेट संबंध नाही. तथापि पानाचा उग्रपणा गोडव्याने झाकण्याचा हेतू दोन्हीकडे समान आहे.

आरोग्य आणि कायदा

परिपक्वनाने तंबाखूची चव सौम्य होते, तिची हानिकारकता कमी होत नाही. निकोटीन मुरल्याने नाहीसे होत नाही. त्याची व्यसन लावण्याची शक्ती कायम राहते. पाइप ओढल्याने ओठ, मुख, स्वरयंत्र, अन्ननलिका व फुप्फुस यांचे कर्करोग होतात. धूर छातीत न ओढताही हा धोका राहतो, कारण मुखातील अस्तराशी धुराचा थेट संबंध येतो. नायट्रोसामाइन वर्गातील कर्कजनक संयुगे पाने वाळवताना तयार होतात आणि उष्ण किंवा दमट साठवणीत त्यांचे प्रमाण वाढूही शकते. त्यामुळे जुनी तंबाखू 'शुद्ध' किंवा 'निर्दोष' होते, या समजाला आधार नाही.

सुवास हा स्वतःच सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानला गेला आहे, कारण तो धुराचा उग्रपणा लपवतो आणि तरुणांना प्रथम अनुभवाकडे ओढतो. अमेरिकेने २००९ च्या कायद्याने मेंथॉल वगळता अन्य सुवासांच्या सिगारेटींवर बंदी घातली. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानेही सिगारेट व हाताने वळण्याची तंबाखू यांतील ठळक सुवासांना मनाई केली. या दोन्ही तरतुदींतून पाइप-तंबाखू मात्र वगळली गेली. भारतात २००३ च्या सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीस कोणतेही तंबाखूजन्य उत्पादन विकणे गुन्हा आहे. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आतही त्याच्या विक्रीस बंदी आहे.